तूर्नमीरचा ऑर्गन आणि मूक मंडळी

शार्ल तूर्नमीर (१८७०-१९३९) हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवर आले असेल. बोर्दो येथे जन्मलेला हा फ्रेंच संगीतकार सेझार फ्रांकचा शिष्य. पॅरिसच्या ज्या सेंत-क्लोतील्ड चर्चमध्ये गुरूने ऑर्गन वाजविला, तेथेच १८९८ पासून मृत्यूपर्यंत तूर्नमीर वादक होता. त्याच्या आठ सिंफनींविषयी येथे बोलण्याचे प्रयोजन नाही. धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी ज्याचा विचार करावा अशी त्याची कृती एकच : १९२७ ते १९३२ या काळात रचलेला 'लॉर्ग मिस्तीक', म्हणजे 'गूढवादी ऑर्गन'.

उपासनावर्षातील रविवार व सण यांसाठी यात ५१ संच आहेत. प्रत्येकात पाच रचना : प्रवेशगीतापूर्वी, अर्पणाच्या वेळी, उन्नयनसमयी, ख्रिस्तशरीर स्वीकारताना आणि मिस्सा संपल्यावर. पवित्र शनिवारी मात्र तीनच, एकूण २५३. त्यांचे बीज त्या त्या दिवसाच्या ग्रेगरियन सुरावटींत आहे. सोलेमचे मठाधिपती प्रॉस्पेर गेरांजे यांचा उपासनावर्षावरील ग्रंथ तूर्नमीरच्या हाताशी असे. वादकाने वाजविण्यापूर्वी त्या दिवसाची वचने वाचावीत, ही अपेक्षा आजही किती जण पाळतात?

या संगीताचा खरा गाभा उन्नयनाच्या रचनांत आहे, असे आम्हांस वाटते. त्या अगदी अल्प आहेत. तालाचे बंधन सैल, स्वर मंद. सूर पुढे सरकत नाही, थांबून पाहतो. ऑलिव्हिए मेसियां याच्या पुढील कार्याची चाहूल येथे लागते. याउलट अंतिम रचना दीर्घ आणि वैभवशाली. १५ ऑगस्टच्या सणासाठी लिहिलेली घंटानादाची रचना ऐकणारा जागचा हलणार नाही. पण ती लोक बाहेर पडत असताना वाजवायची असते!

आमचा आक्षेप याहून मूलगामी आहे. हा ग्रंथ गायनविरहित लॅटिन मिस्सेसाठी लिहिला गेला : वेदीवर धर्मगुरू हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत, वर ऑर्गन वाजत राही, आणि मंडळी मूक. भाष्य समजण्यास मूळ वचन ठाऊक असावे लागते. त्या काळच्या पॅरिसमध्येही प्रवेशगीताची सुरावट ओळखणारे भाविक कितीसे असतील, याची आम्हांस शंका आहे. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने ग्रेगरियन गायनास अग्रस्थान आणि ऑर्गनास मोठा मान दिला खरा. परंतु मंडळीच्या सक्रिय सहभागाचा आग्रहही त्यानेच धरला. ज्या मौनात या रचना वसत होत्या, ते मौन त्यानंतर उरले नाही.

आपल्याकडे असे भव्य ऑर्गन कोठे आहेत, असे कोणी म्हणेल. तूर्नमीरने साध्या पायपेटीसाठीही उपासनासंगीत लिहिले आहे. लहान चर्चच्या वादकांनी ते अवश्य मिळवून पाहावे.

१९३० च्या सुमारास त्याची पाच उत्स्फूर्त वादने ध्वनिमुद्रित झाली. मोरिस द्यूरुफ्ले याने ती ऐकून स्वरलिपीत उतरविली आणि १९५८ साली ती प्रसिद्ध झाली. तूर्नमीरच्या नावावर आज सर्वांत अधिक वाजते ते पुनरुत्थान सणाच्या गीतावरील त्यांतील एक वादन; त्याने स्वतः ते कागदावर लिहिलेच नव्हते.