मधुमेहींचे परस्परसाहाय्य : एका कल्पनेची समीक्षा

१

दीर्घकाळ चालणाऱ्या रोगाविषयी जे विवेचन केले जाते, त्याच्या मुळाशी रोग्याची कोणती ना कोणती प्रतिमा गृहीत धरलेली असते. ती उघडपणे मांडलेली क्वचितच आढळते. परंतु उपचाराची दिशा, उपदेशाचा सूर आणि यशाची कसोटी या तिन्ही गोष्टी तिच्यावरूनच ठरतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या बाबतीत, रोग्यांनी एकमेकांना साहाय्य करावे, ही कल्पना गेल्या काही दशकांत पुष्कळच मान्यता पावली आहे. तिचे गुणगान विपुल झाले असले तरी तिची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली आहे. परस्परसाहाय्य म्हणजे नेमके काय, त्याचे मोल कोणत्या मापाने करावयाचे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाचे गांभीर्य सांगण्यासाठी एकच आकडा पुरेसा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने इन्शुलिनची निर्मितीही उणी पडत जाते. रक्तशर्करेच्या नियंत्रणाने डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांची हानी कमी करता येते, हे ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाने १९९८ मध्ये सिद्ध केले. त्या अभ्यासात एका गटाचे एचबीए१सी सरासरी ७.० टक्के, तर दुसऱ्याचे ७.९ टक्के राहिले. एवढ्या अंतराने सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. म्हणजे येथे लहान दिसणारे फरक मोठे परिणाम घडवितात, आणि ते फरक दवाखान्यात न घडता घरात, बाजारात व पंक्तीत घडतात. वर्षाचे तास ८,७६० असतात. दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटे वैद्याची भेट होत असेल, तर त्यांपैकी एकच तास रोगी वैद्यासमोर असतो. उरलेल्या ८,७५९ तासांत त्याच्याबरोबर कोण असते, हा या विषयाचा गाभा होय.

२

या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहचिकित्सेचा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. निर्धन व आप्तहीन रोग्याने पादत्राण आणि छत्र यांवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र राहून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असे तेथे सांगितले आहे. धनवानाने सावे-देवभातासारखी धान्ये आणि आवळा-कवठासारखी फळे खाऊन हरिणांच्या सहवासात राहावे. इतर कोणी विहीर खणावी. मात्र कृश रोग्याचे सतत रक्षण करावे. या उपदेशातील व्यावहारिक सूक्ष्मता विलक्षण आहे. चालणे, अंगमेहनत आणि हलके अन्न ही त्याची सूत्रे आजही जुनी झालेली नाहीत. आणि स्थूल व कृश यांतील भेद तर आजच्या भारतीय संशोधनालाही नव्याने विचारात घ्यावा लागला आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी, दिसावयास सडपातळ पण शरीरात मेदाचे प्रमाण अधिक, अशा भारतीय देहरचनेकडे जगाचे लक्ष वेधले, हे सर्वश्रुत आहे.

परंतु या विधीतील एक गोष्ट टीकाकाराच्या नजरेतून सुटू नये. निर्धन असो वा धनवान, रोग्याला प्रथम घरापासून दूर नेले आहे. पथ्य पाळावयाचे तर स्वयंपाकघराचा आणि आप्तांच्या आग्रहाचा संबंध तोडला पाहिजे, असेच जणू येथे गृहीत आहे. रोगी येथे एकाकी तपस्वी आहे. ही प्रतिमा ग्रंथाबरोबर संपली नाही. ‘मनावर ताबा ठेवा’ एवढ्या तीन शब्दांत आजही रोग्याची जी बोळवण केली जाते, तिच्यात हाच तपस्वी अभिप्रेत असतो. भेद इतकाच की त्याला आता अरण्यात न धाडता जिलबीच्या ताटासमोर बसवून तप करावयास सांगितले जाते.

दुसरी प्रतिमा विद्यार्थ्याची. बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन यांनी १९१८ मध्ये, म्हणजे इन्शुलिनच्या शोधापूर्वीच, मधुमेहावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ती वैद्य आणि रोगी या उभयतांच्या उपयोगासाठी आहे, असे तिच्या शीर्षकातच म्हटले होते. रोग्याला शिकविणे हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार त्यांनी दृढ केला. येथे रोगी एकाकी नाही. त्याला गुरू लाभला आहे. परंतु ज्ञानाचा ओघ बव्हंशी एकाच दिशेने वाहतो.

तिसरी प्रतिमा सहभागी सभासदाची. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स हे स्वतः मधुमेही होते. १९२३ मध्ये इन्शुलिन मिळाल्यामुळेच त्यांचा जीव वाचला. त्यांचे एक रुग्ण म्हणजे प्रख्यात कादंबरीकार एच. जी. वेल्स, ज्यांना उतारवयात मधुमेह जडला होता. या दोघांनी १९३४ मध्ये मधुमेहींची संघटना स्थापन केली. वैद्य आणि रोगी यांच्यामधील भिंत येथे एका अर्थी वैद्याच्याच देहात ढासळली होती. तत्पूर्वी १९२६ मध्ये लिस्बन येथे डॉ. एर्नेश्तु रोमा यांनी निर्धन मधुमेहींच्या संरक्षणार्थ संस्था काढली होती. तिचा उगम दयेत होता, तर लंडनच्या संस्थेचा समान अनुभवात. दोन्ही प्रेरणा आदरणीय आहेत. पण त्या एक नव्हेत, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

३

आता अनुभवाची साक्ष पाहू. परस्परसाहाय्याने खरोखर काही साधते काय, याच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल प्रथमदर्शनी एकमेकांशी विसंगत भासतात.

आयर्लंडमध्ये २० दवाखान्यांतील ३९५ रोग्यांवर दोन वर्षे चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण दिलेले मधुमेही इतर रोग्यांच्या बैठका घेत. अखेरीस एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब व मनःस्वास्थ्य यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही, आणि या पद्धतीचा सरसकट प्रसार करण्यास आधार नाही, असे संशोधकांनी प्रांजळपणे नमूद केले. याउलट, अमेरिकेतील मिशिगन राज्यात माजी सैनिकांवर झालेल्या २०१० च्या चाचणीत २४४ पुरुषांपैकी निम्म्यांच्या जोड्या लावण्यात आल्या; प्रत्येकाने आपल्या जोडीदाराशी दूरध्वनीवरून नियमित बोलावयाचे आणि एकमेकांच्या संकल्पांची विचारपूस करावयाची, एवढीच योजना होती. उरलेल्यांची देखरेख परिचारिकांकडे होती. सहा महिन्यांनी जोडीदारांच्या गटातील एचबीए१सी परिचारिकांच्या गटाच्या तुलनेत ०.५८ टक्क्यांनी सरस ठरले.

केरळातील चाचणी आपल्याला अधिक जवळची. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदानक्षेत्रांतील, मधुमेहाचा धोका असलेल्या १,००७ व्यक्ती तीत सहभागी झाल्या. गावातल्याच सामान्य स्त्रीपुरुषांनी गटांचे नेतृत्व केले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत साहाय्यगटातील १४.९ टक्के आणि तुलनागटातील १७.१ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. तथापि फळे-भाज्यांचे सेवन वाढले व मद्यपान घटले, हेही त्याच चाचणीत दिसून आले.

या निकालांवरून दोन टोकांची अनुमाने काढण्याचा मोह होतो. एक पक्ष म्हणतो, परस्परसाहाय्य ही केवळ भावनिक सांत्वना आहे; दुसरा म्हणतो, अपयशी चाचण्यांत काहीतरी उणे राहिले असले पाहिजे. दोन्ही अनुमाने घाईची आहेत. आयर्लंडमधील रोग्यांचे नियंत्रण आरंभीच बऱ्यापैकी होते. मिशिगनमधील पुरुषांचे तसे नव्हते. ज्याचे बरे चालले आहे त्याला साहाय्याने आणखी किती सुधारावयाचे? शिवाय एक चाचणी दोन वर्षांची, दुसरी सहा महिन्यांची. आणि आरंभीचा उत्साह कालांतराने ओसरतो, हा मनुष्यस्वभाव आहे. केरळात तर रोग होऊन गेलेल्यांचा नव्हे, न झालेल्यांचा प्रश्न होता. भिन्न प्रश्नांची उत्तरे एकाच तराजूत घालणे शास्त्राला धरून नाही.

४

तरीही या चाचण्यांत एक भेद असा आहे की, जो आपल्या भाषेतील दोन शब्दांनी अधिक नेमका व्यक्त होतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘इर्जिक’ आणि ‘सावड’ या दोन रीती प्रसिद्ध आहेत. इर्जिकेत गावकरी एकाच्या शेतावर कामाला येतात आणि तो त्यांना जेवू घालतो. सावडीत आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या शेतात राबावयाचे असते. इर्जिकेत देणारा व घेणारा यांच्या भूमिका त्या दिवसापुरत्या निश्चित असतात. सावडीत त्या आलटून पालटून येतात. आयर्लंडमधील योजना प्राधान्याने पहिल्या जातीची होती : काही प्रशिक्षित साहाय्यक आणि पुष्कळसे साहाय्यार्थी. मिशिगनची योजना सावडीची. निकालांतील सगळी तफावत या एका भेदाने उलगडते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. वर सांगितलेली कारणेही तितकीच संभाव्य आहेत. परंतु ‘परस्पर’ हा शब्द ज्या योजनेला लावावयाचा, तिच्यात परस्परता खरोखर आहे की नाही, हे तपासणे समीक्षकाचे पहिले काम आहे. हे न तपासता दोन भिन्न वस्तूंना एकच नाव देणे आणि मग त्यांच्या परिणामांची तुलना करणे, हा या विषयावरील चर्चेतील मूलभूत गोंधळ होय.

सावडीचे बळ कशात आहे? रोग्याला दिवसरात्र सल्ला मिळत असतो. सल्ला देण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर क्वचितच येतो. ज्याला दुसऱ्याला सांगावयाचे आहे, त्याला स्वतःचे आचरण शब्दांत मांडावे लागते; आणि आज चाललास काय, असे विचारणाऱ्याला आपणही चालावे लागते. येथे उपदेश आणि आचरण यांची फारकत राहत नाही.

याखेरीज, एक विशिष्ट प्रकारचे ज्ञान रोग्यांपाशीच असते. एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाटा व रताळे खाल्ले की तो दिवस पिष्टमय पदार्थांचाच दिवस ठरतो, हे आहारतज्ज्ञ सांगेल. पण सासूबाईंना न दुखविता वरईच्या भाताचे प्रमाण कसे कमी करावे, हे तोच सांगू शकेल ज्याने ते केले आहे. पंक्तीत यजमानाच्या आग्रहाला काय उत्तर द्यावे, हळदीकुंकवाच्या पाच घरी पाच वेळा हातावर आलेल्या वस्तूचे काय करावे, फिरतीच्या नोकरीत औषधाची वेळ कशी साधावी — हे उपयोजनाचे ज्ञान होय. ते औषधशास्त्राच्या विरोधी नाही. औषधशास्त्र जेथे थांबते तेथून ते सुरू होते.

५

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, ज्या मार्गाने उपयुक्त अनुभव पसरतो त्याच मार्गाने भ्रमही पसरतो. कोणाची गोळी सुटली म्हणून दुसऱ्याने ती सोडावी, कारल्याच्या रसावर विसंबून इन्शुलिन थांबवावे, असे सल्ले सद्भावनेनेच दिले जातात. काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना उपवास केल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. तेव्हा कसे जगावे याविषयी सहरोग्याने अवश्य बोलावे. औषधाची मात्रा मात्र वैद्यानेच ठरवावी. ही मर्यादा ज्या मंडळात पाळली जात नाही, तेथे साहाय्याचा अपाय होतो.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. समूह आधार देतो तसा पहाराही करतो. साखर वाढली म्हणजे अपराध झाला, अशी भावना निर्माण झाली की रोगी आकडे लपवू लागतो. हा रोग वयाबरोबर स्वभावतःच पुढे सरकतो आणि उत्तम पथ्य पाळूनही कित्येकांना औषध वाढवावे लागते. ते त्यांचे पतन नव्हे. याचा विसर पडलेले मंडळ म्हणजे तपस्व्याचीच जुनी प्रतिमा, केवळ अनेकवचनी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. परस्परसाहाय्य स्वस्त असते, म्हणूनच ते शासनाला व संस्थांना प्रिय वाटण्याचा धोका आहे. जेथे औषध, तपासणी आणि वैद्य हेच उपलब्ध नाहीत, तेथे रोग्यांनी एकमेकांना धीर द्यावा असे सांगणे म्हणजे आपले कर्तव्य त्यांच्या खांद्यावर टाकणे होय. शिवाय हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मधुमेही पुरुषाचे पथ्य बहुधा त्याची पत्नी रांधते. मधुमेही स्त्रीचे पथ्य कोण रांधते? सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेल्यावर भागविणाऱ्या गृहिणीला मंडळात येण्याची सवड कोण देणार? मिशिगनची चाचणी केवळ पुरुषांवर झाली होती, हे या संदर्भात विसरता येत नाही.

६

निष्कर्ष असा की, परस्परसाहाय्याला वैद्याचा स्वस्त पर्याय मानणे जसे चुकीचे, तसेच केवळ एचबीए१सीच्या आकड्याने त्याचा निकाल लावणेही अपुरे आहे. तो आकडा महत्त्वाचा आहेच. १९९८ च्या अभ्यासानंतर त्याची उपेक्षा कोणालाही करता येणार नाही. परंतु आपला रोग उघडपणे सांगता येणे, वैद्याला प्रश्न विचारण्याचे धैर्य येणे आणि घरातील ताटाची रचना बदलणे, हीही फळेच आहेत आणि त्यांची मोजदाद करण्याची साधने अद्याप घडवावयाची आहेत. हे काम एकट्या वैद्यकाचे नाही. समाजशास्त्र, गृहविज्ञान आणि भाषाभ्यास यांतील संशोधकांना येथे मोकळे क्षेत्र आहे : मराठी कुटुंबातील आग्रहाची भाषा, उपवासाचा आहार, स्त्रीच्या जेवणाची वेळ आणि सावडीसारख्या जुन्या रीतींचे अवशेष यांचा मधुमेहाशी असलेला संबंध बारकाईने अभ्यासला गेला पाहिजे.

सुश्रुताने आप्तहीन रोग्याला शंभर योजने चालावयास सांगितले. चालण्याचा तो उपदेश आजही ग्राह्य आहे. मात्र त्या वाटेवर त्याला एकटे पाठवावयाचे, की त्याच्याबरोबर चालणारा कोणी मिळवून द्यावयाचा, हे ठरविणे आपल्या हाती आहे. आणि ज्याला असा सोबती मिळेल, त्याच्यासाठी गावातला दवाखानाही उघडा असला पाहिजे.