रोहिणीचे पाणी आणि रिकामे आसन

सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाला रंगमंचावर आणायचे तर नाटककाराला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तो घराबाहेर का पडला? आणि त्याला जे गवसले ते प्रेक्षकांना दाखवायचे कसे? गौतम बुद्धावरची बहुतेक नाटुकली पहिल्या प्रश्नाचे तयार उत्तर उचलतात. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी. मग मध्यरात्र, झोपलेली यशोधरा आणि घोडा. शाळेच्या स्नेहसंमेलनात कापसाची दाढी लावलेला म्हातारा आला की टाळ्या पडतात. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा पाहिला नव्हता, हे सातवीतल्या मुलालाही पटत नाही.

धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांचे ‘बोधिसत्त्व’ हे नाटक इथे वेगळी वाट धरते. कोसंबी मूळचे गोव्यातील साखवाळचे. १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून तेही ज्ञानाच्या तलाशीत घराबाहेर पडले होते. १९०२ साली सिलोनमध्ये ते श्रामणेर झाले. गृहत्याग हा त्यांच्यासाठी केवळ अभ्यासाचा विषय नव्हता. पाली ग्रंथ मुळातून वाचलेल्या या माणसाने दाखवून दिले की, चार दृश्यांची कथा दीघनिकायात विपस्सी या आधीच्या बुद्धाविषयी आली आहे. मज्झिमनिकायात तर गौतम आईबाप रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत घर सोडतो. म्हणजे चोरपावलांनी निघून जाण्याचा सगळा देखावाच गळून पडतो.

मग कारण कोणते? कोसंबी सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे जातात. अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांवर उठलेली माणसे पाहून भय वाटले, असे बुद्ध तिथे सांगतो. त्याला ते शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याची जोड देतात. अट्ठकथांमध्ये हा तंटा बुद्धत्वानंतर येतो आणि बुद्ध तो मिटवतो. कोसंबींनी त्याला गृहत्यागाचे कारण केले. इतिहास म्हणून यावर वाद होऊ शकतो. नाटक म्हणून मात्र त्यात जान आहे, कारण आता घर सोडणारा माणूस अजाण राजपुत्र राहत नाही, आपल्याच भावकीवर हत्यार उचलायला नकार देणारा नागरिक होतो.

हे नाटक नाशिकच्या कालिदास कलामंदिरात उभे राहिले तर प्रेक्षकाला रोहिणी परकी वाटणार नाही. गंगापूर आणि दारणेचे पाणी जायकवाडीला सोडावे की नाही, यावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात किती कटुता आली ते आपण पाहिले आहे. समन्यायी वाटपाचा कायदा २००५ साली झाला, तरी २०१५ च्या दुष्काळात पाणी सोडताना लोक रस्त्यावर उतरलेच. दिग्दर्शकाने त्यासाठी संवादात गोदावरीचे नाव घालण्याची गरज नाही. प्रेक्षक ते स्वतःच घालतील.

पण या मांडणीत एक पेच आहे. गौतम तंट्यामुळेच गेला असेल, तर तंटा मिटताच त्याने परत यायला हवे. हा पेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका पकडला. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या बुद्धचरित्रातही रोहिणीचाच तंटा आहे; पण तिथे सिद्धार्थाला वाटेत समेटाची खबर मिळते आणि तरीही तो परतत नाही. एक भांडण मिटले, भांडणाचे मूळ मिटले नाही, हे त्याला उमगते. माझ्या मते साधकाचा जन्म या क्षणी होतो. त्याआधी तो निर्वासित असतो. ‘बोधिसत्त्व’ रंगवणाऱ्याने हा क्षण विसरू नये. नाहीतर प्रयोग राजकीय नाटक होऊन थांबेल.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. बोधी ही अंतरातली घटना. पिंपळाखाली बसलेल्या नटावर पिवळा झोत टाकून आणि बासरी वाजवून ती दाखवता येत नाही. कॅलेंडरावरचे चित्र तेवढे तयार होते. मूळ कथेत मात्र नाट्य भरपूर आहे. उपासाने हाडांचा सापळा झालेला माणूस अन्न घेतो आणि पाच साथीदार त्याला भ्रष्ट ठरवून निघून जातात. भूक हे साधन आहे, मकसद नव्हे, हे रोजा ठेवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. पुढे तोच माणूस ऋषिपत्तनात येताना दिसतो. पाचही जण ठरवतात, उठायचे नाही. तो जवळ येतो आणि एकेक जण उठून उभा राहतो. बोधी दाखवायची ती या पाच जणांच्या चेहऱ्यांवर. गौतम त्या वेळी रंगमंचावर नसला तरी चालेल, किंबहुना नसावाच.

ही युक्ती नवी नाही. पांडवलेण्यांतील अठरा क्रमांकाच्या चैत्यात बुद्धाची मूर्ती नाही, स्तूप आहे. मूर्ती तिथल्या काही लेण्यांत पुढे आल्या. आरंभीच्या शिल्पकारांना खूण पुरेशी वाटली. मुस्तफा अक्कादच्या १९७६ च्या ‘द मेसेज’मध्ये हजरत पैगंबर पडद्यावर दिसत नाहीत, तरी सगळा चित्रपट त्यांच्याभोवती फिरतो. न दाखवता जाणवून देणे ही आपल्या प्रेक्षकाच्या ओळखीची रीत आहे. राजपुत्र दाखवा, उपाशी साधक दाखवा; बोधीनंतर रिकामे आसन ठेवा.

हे नाटक आपले कसे, असे कोणी विचारील. बोधिसत्त्व हाच शब्द अरबीत ‘बुदासफ’ झाला. अब्बासी काळापासून ‘बिलौहर व बुदासफ’चा किस्सा अरबीत वाचला जात होता, आणि चौथ्या हिजरी शतकात इब्न बाबवैह यांनी तो आपल्या ‘कमालुद्दीन’ या धार्मिक ग्रंथात घेतला. बल्खचे तख्त सोडणारे इब्राहीम बिन अदहम तर आपल्या घराघरांत माहीत आहेत. तख्त सोडून सत्यामागे जाणाऱ्याची कहाणी आपण हजार वर्षे ऐकत आलो आहोत. मराठी रंगभूमीवर ती पाहायला आणि पुढे आपल्या मुलांकडून करवून घ्यायला संकोच कसला?