एका हाताचें संगीत

पियानो हें वाद्य एका माणसानें दोन हातांनीं वाजवावें, हा सर्वमान्य संकेत होय. परंतु युरोपांतील रचनाकारांनीं हा संकेत दोन्ही बाजूंनीं मोडलेला आहे. एकाच वाद्यापुढें दोन किंवा तीन माणसें बसवून चार अथवा सहा हातांसाठीं रचना झाल्या, तशाच केवळ एका हातासाठींही झाल्या. अशा रचना ऐकतांना श्रोत्याचें लक्ष प्रथम हात मोजण्याकडे जातें व बहुधा तेथेंच थांबतें. या संख्येचा संगीताच्या गुणाशीं कांहीं खरा संबंध असतो काय, याचा विचार आम्हांस येथें करावयाचा आहे.

चार हातांच्या संगीताचा प्रसार मुख्यतः सोयीपोटीं झाला. एकोणिसाव्या शतकांत वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना घरबसल्या ऐकावयाच्या, तर दोघांनीं शेजारीं बसून त्यांचीं रूपांतरें वाजवावयाचीं, हाच मार्ग होता. शूबर्टनें १८२८ सालीं, म्हणजे आपल्या आयुष्याच्या अखेरच्या वर्षीं, लिहिलेली एफ मायनर फॅन्टसी मात्र अशी सोय नव्हे. आरंभीं खालचा वादक मंद साथ धरतो आणि वरचा वादक तिच्यावर एक एकाकी धून मांडतो. शेवटीं फ्यूगच्या दाट गर्दीनंतर तीच धून परत येते. येथें दुसरा माणूस केवळ बोटें वाढविण्यास आलेला नाहीं. त्या एकाकीपणाला सोबत मिळाली आहे, आणि ही सोबत काढून घेतली तर रचनेचा अर्थच नाहींसा होईल.

राखमानिनॉव्हनें १८९० व १८९१ सालीं स्कालोन आडनांवाच्या तिघी बहिणींसाठीं सहा हातांचा एक वॉल्ट्स व एक रोमान्स लिहिला. त्या वेळीं तो जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. या रचना गोड आहेत, व घरगुती बैठकीचा उल्हास त्यांत पुरेपूर आहे. परंतु रोमान्सच्या प्रस्तावनेंतील स्वरावली त्यानें पुढें आपल्या दुसऱ्या पियानो-कॉन्चेर्टोच्या संथ भागांत घेतली, आणि तेथें एकटा वादक ती वाजवितो. तिची शोभा त्यामुळें उणावली नाहीं. तीन वादकांची गरज संगीताला नव्हती, ती मैत्रीला होती, असें म्हणावें लागतें.

आतां एका हाताकडे वळूं. आमच्याकडील पेटीवादक एक हात भात्यावर ठेवून दुसऱ्यानें वाजवितो, तेव्हां एकहाती वादन वाचकांस अपरिचित नाहीं. परंतु पेटीवरील त्या हातास स्वरांची एकच रेषा राखावयाची असते. पियानोवर एका हातास धून, साथ व खर्ज हीं तिन्ही सांभाळावीं लागतात. पॉल विटगेनश्टाइन या व्हिएन्नाच्या वादकानें पहिल्या महायुद्धांत उजवा हात गमावला. पुढें त्यानें नामवंत रचनाकारांकडून डाव्या हातासाठीं रचना लिहवून घेतल्या. त्यांत मोरिस राव्हेलचा १९२९-३० मधील कॉन्चेर्टो आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटतो. ५ जानेवारी १९३२ रोजीं तो व्हिएन्ना येथें प्रथम वाजला. वाद्यवृंदाच्या अगदीं खोल, अंधाऱ्या स्वरांतून त्याचा आरंभ होतो, आणि मग पियानो एकटाच पुढें येतो. हात खर्जाची पट्टी दाबतो, पेडल तो स्वर धरून ठेवतें, आणि तेवढ्या अवकाशांत हात झेप घेऊन वर धून गाठतो. डाव्या हाताचा अंगठा वरच्या स्वरांच्या बाजूस असल्यामुळें सर्वांत बळकट बोट धुनेच्या वाट्यास येतें. डोळे मिटून ऐकल्यास दोन हात वाजवीत आहेत असाच भास होतो, व राव्हेलचें उद्दिष्टही तेंच होतें.

मग प्रश्न असा कीं, कानाला जर दोन हात ऐकूं येतात, तर ज्यास ते आहेत त्यानें ते दोन्ही कां वापरूं नयेत? आल्फ्रेड कॉर्टोनें तसें रूपांतर केलेंही. राव्हेलला तें मान्य नव्हतें. आमच्या मतें राव्हेलचाच पक्ष खरा आहे. खर्जापासून धुनेपर्यंत पोंचण्यास एका हाताला जो क्षण लागतो, तो या संगीताच्या लयीचाच भाग झाला आहे. दोन हातांनीं तेच स्वर सुखानें वाजतात. परंतु चुकण्याचा धोका गेला कीं त्या झेपेंतील आवेशही जातो. ब्राम्सनें १८७७ सालीं बाखच्या व्हायोलिनवरील शाकोनचें रूपांतर केवळ डाव्या हातासाठीं केलें, तें याच जाणिवेनें. एकाकी व्हायोलिनचे कष्ट त्यास पियानोवर राखावयाचे होते. बुसोनीचें दोन हातांचें रूपांतर अधिक वैभवशाली आहे. पण ते कष्ट त्यांत उरलेले नाहींत.

अशा संगीताविषयीं बोलतांना करुणेला निकष मानण्याची चूक सहज घडते. विटगेनश्टाइनची हानि मोठी होती व त्याचें धैर्य असामान्य होतें, यांत संशय नाहीं. तथापि त्यानेंच राव्हेलच्या रचनेंत स्वतःच्या मताचे फेरफार केले, व त्यावरून दोघांत वितुष्ट आलें. हिंडेमिटनें १९२३ सालीं त्याच्यासाठीं लिहिलेली रचना तर त्यानें कधींच वाजविली नाहीं. ती २००४ सालीं लिऑन फ्लायशरनें बर्लिन येथें प्रथम वाजविली. फ्लायशरचाही उजवा हात व्याधीमुळें अनेक वर्षें निकामी झालेला होता. ज्याच्या दुःखामुळें रचना जन्मते, त्याच्याही मालकीची ती राहत नाहीं, हाच या हकीकतीचा बोध आहे. राव्हेलचा कॉन्चेर्टो आज दोन्ही हात धड असलेले वादकही वाजवितात, आणि उजवा हात स्वस्थ ठेवतात. तें कोणाविषयींच्या दयेपोटीं नव्हे. ती रचनाच त्यांस तसें करावयास लावते.