जो गेला नाही त्याच्यासाठी

परदेशप्रवासावरच्या लेखाशिवाय मराठी दिवाळी अंक निघाला, असं सहसा होत नाही. जबलपूरला हे अंक उशिरा पोहोचतात, इथल्या मराठी घरांतून हातोहात फिरतात आणि त्यांतली प्रवासवर्णनं मी दरवर्षी वाचतो. अलीकडे त्यांचा साचा ठरून गेला आहे. विमानतळ, हॉटेलातली न्याहारी, गाइडनं सांगितलेला इतिहास, पाहिलेल्या स्थळांची क्रमवार यादी आणि सोबत चार रंगीत छायाचित्रं. छायाचित्रात पुढे लेखक, मागे आयफेल टॉवर. मजकुराचंही तेच होतं. लेखक मध्ये उभा असल्यामुळे मागचं काही दिसत नाही.

सुसान सोन्टॅगचं छायाचित्रणावरचं पुस्तक १९७७ साली आलं. पर्यटकाच्या हातातला फोटो हा मुख्यतः सहल झाल्याचा पुरावा असतो, आणि अनोळखी जागी वाटणारं बावरलेपण कॅमेरा हाताशी असला की कमी होतं, हे तिचं निरीक्षण आजच्या मोबाइलच्या काळात अधिकच पटतं. पण पुरावा कोणाला लागतो? ज्यांच्याशी आपली बरोबरी चालते त्यांना. वाचकाला पुरावा नको असतो. त्याला तो देश हवा असतो, आणि तो बहुधा तिथे जाणार नसतो. प्रवासवर्णनाचं मोल मी याच कसोटीवर ठरवतो : घरी राहिलेल्या माणसाच्या हाती त्यानं काय ठेवलं?

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. १८८९मध्ये त्यांचं ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. त्यांच्या मराठी वाचक स्त्रियांपैकी अमेरिकेला जाऊ शकणाऱ्या किती असतील? बाईंना हे ठाऊक होतं. म्हणून स्थळं दाखवण्यात त्या फार रमत नाहीत. तिथली राज्यव्यवस्था, घरं, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था कशा चालतात, हे त्या उलगडून सांगतात. तिथल्या वर्णभेदावरही पांघरूण घालत नाहीत. पुस्तकाचा रोख सतत घराकडे आहे : तिथे हे होऊ शकतं, तर इथे का नाही? त्यामुळे मधूनमधून ते एखाद्या अहवालासारखं वाटतं. पण वाचणाऱ्या बाईच्या हाती ते काहीतरी ठेवतं, यात शंका नाही.

सत्तर वर्षांनी आलेल्या ‘अपूर्वाई’ची तऱ्हा अगदी वेगळी. टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी पु. ल. देशपांडे १९५८मध्ये बीबीसीत गेले, सुनीताबाई बरोबर होत्या. त्या प्रवासाचं पुस्तक १९६०मध्ये आलं. परकीय चलनाची टंचाई असलेल्या त्या काळात वाचकाला लंडन दुर्लभच होतं. आम्हा जबलपूरकर मराठी वाचकांना तर दोन परदेश एकदम भेटत होते. पुलं लंडन समजावतात ते मुंबई-पुण्याच्या जगण्याचा आधार घेऊन, आणि ते जगणंही आमच्यापासून शेकडो मैल दूर. तरी पुस्तक आमचं झालं. कारण त्यातला प्रवासी स्वतःचीच फजिती मजेत सांगतो. शि. द. फडणीसांच्या चित्रांतही तोच थट्टेचा विषय आहे. स्मारकापुढे रुबाबात उभा राहिलेला माणूस तिथे नाही. साम्राज्याचा हिशेब मांडायला पुलं फारसे थांबत नाहीत, आणि ही उणीव आज वाचताना जाणवते. मात्र ‘मी जाऊन आलो’ हा तोरा त्यांनी वाचकावर कधी मिरवला नाही.

फोटो क्षणात निघतो. रेखाटायचं तर समोरच्या गोष्टीजवळ बसावं लागतं. हा फरक माझ्या गावात मला अमृतलाल वेगडांनी दाखवला. त्यांचं घर गुजराती, जन्म १९२८चा जबलपूरचा, चित्रकलेचं शिक्षण शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली. लिहिलं हिंदीत आणि गुजरातीत. सोन्टॅगचं पुस्तक आलं त्याच १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते नर्मदेच्या काठाकाठानं जबलपूरहून मंडल्याकडे पायी निघाले. रेखाटनं आणि कोलाज यांच्यासह त्यातून ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ आणि पुढची पुस्तकं झाली. परदेशप्रवासाच्या चर्चेत त्यांचं नाव घेतो ते मुद्दाम. पुढे बरगीचं धरण झालं आणि जबलपूर-मंडल्याच्या दरम्यानची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. वेगड चालले तो काठ आता कोणत्याही तिकिटावर पाहता येणार नाही. तिथे कोण राहत होतं, परकम्मावासीला कोणी निवारा दिला, हे वाचायला त्यांचं लेखन उरलं आहे. वेगड काठापुढे उभे राहिले असते, तर आज आपल्याकडे फक्त वेगड उरले असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आता वाचकही जाऊन आलेला असतो. १९८४मध्ये केसरी पाटलांनी सहल कंपनी काढली, मग इतरही आल्या, आणि मराठी मध्यमवर्ग पोळीभाजीसकट युरोप बघून आला. हे चांगलंच झालं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा समुद्र ओलांडणाऱ्या बाईंनी नायगारापुढे फोटो काढून घेतला, तर त्या आनंदाला नावं ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो फोटो घरच्यांसाठी असतो आणि घरच्यांना त्यात बाईच पाहायच्या असतात. माझी तक्रार आहे ती तोच फोटो शब्दांत काढून छापणाऱ्यांविषयी. आणि वाचक जाऊन आला असेल, तर लेखकाचं काम वाढतं. जे तिकिटात येत नाही ते त्याला आणावं लागतं : बसथांब्यावरचा अर्धा तास, न जमलेलं संभाषण, हॉटेलातली खोली झाडणाऱ्या बाईचा देश, परतल्यावर आपल्या शहराचं बदललेलं रूप. नायगारा पाहून आलेल्या जबलपूरकरानं धुआंधार लहान की मोठा, एवढंच सांगितलं तर त्याचा प्रवास फुकट गेला. नायगाराच्या काठची गर्दी, तिथली तिकिटं, कठडे, दिवे पाहून आल्यावर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांचं आपण काय करत आहोत, हे त्याला नव्यानं दिसलं का?

संपादकांनी एका वर्षी लेखकाला इतकंच सांगून पाहावं : फोटो पाठवू नका. मग लेखात काय उरतं, ते दोघांनाही कळेल.