गोव्याचा विजरई व त्याच्या मसलतींचे कागद

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत फिरंगी कागदांस जें मानाचें स्थान प्राप्त झालें आहे, तें बव्हंशीं कै. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांच्या दीर्घ परिश्रमांचें फळ होय. गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख या नात्यानें त्यांनीं १९५३ ते १९५७ या वर्षांत ‘आसेंतुश दु कोंसेल्यु दु इश्तादु’ या नांवानें गोव्याच्या राज्यमंडळाच्या ठरावांचे पांच भाग प्रसिद्ध केले. इ. स. १६१८ पासून १७५० पर्यंत विजरई आपल्या सल्लागारांसह बसून ज्या मसलती करी, त्यांची टिपणें या भागांत सटीप छापलीं आहेत. पुढें १९६७ सालीं ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणें विद्यापीठानें प्रसिद्ध केला. त्यामुळें पोर्तुगीज न जाणणाऱ्या अभ्यासकासही या संग्रहाची वाट मोकळी झाली. संग्रहाच्या थोरवीविषयीं येथें नव्यानें लिहिण्याचें कारण नाहीं. तो ज्या रीतीनें आमच्याकडे वाचला जातो, तिच्याविषयीं मात्र चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ती रीत थोडक्यांत अशी. ज्या ठरावांत शिवाजी, संभाजी, बाजीराव किंवा चिमाजी आप्पा यांचें नांव येतें, तेवढे ठराव निवडावयाचे. त्यांत विजरई जें बोलला तें फिरंगी राज्याचें धोरण समजावयाचें. आणि प्रत्यक्ष वर्तन त्याहून निराळें दिसलें कीं दगलबाजी किंवा भित्रेपणा, यांपैकीं एक शिक्का मारून मोकळें व्हावयाचें. या रीतींत विजरई म्हणजे गोव्याचा राजाच, असें गृहीत धरलेलें असतें. पण विजरई हा राजा नव्हता. तो सहा महिन्यांच्या सागरी वाटेपलीकडे बसलेल्या राजाचा मुदतबंद मुखत्यार होता. हा भेद लक्षांत घेतल्यावांचून त्याच्या मसलतीचें एकही पान नीट उलगडत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम पदाचाच विचार करूं. इ. स. १५०५ मध्यें दों फ्रांसिश्कु द आल्मैद हा पहिला विजरई हिंदुस्थानांत आला. नेमणूक सामान्यतः तीन वर्षांची असे. सर्वांसच विजरई ही पदवी मिळत नसे. गोवें जिंकणारा आल्बुकेर्क हा अखेरपर्यंत केवळ गव्हर्नर होता आणि दों जुआंव द काश्त्रु यास ती पदवी १५४८ मध्यें, मरणाच्या उंबरठ्यावर मिळाली. अधिकार मात्र दोघांचाही मोठा. युद्ध करणें, तह करणें, किल्लेदार नेमणें व न्याय देणें हीं सर्व कामें राजाच्या नांवानें त्यानें करावयाचीं. मध्येंच तो मेला तर काय, याचीही तजवीज लिस्बनहून करून ठेवलेली असे. वारसाचीं नांवें लिहिलेले मोहोरबंद लखोटे आधींच पाठविलेले असत आणि मृत्यूनंतर ते क्रमानें फोडीत. १५२४ त वास्कु द गामा कोचीनास वारला तेव्हां पहिला लखोटा फुटला व आंरिक द मेनेझिश अधिकारावर आला. तोही १५२६ त वारला. पुढील लखोट्यांत पेरु माश्कारेञ्यश याचें नांव निघालें, पण तो दूर मलाक्केस होता. म्हणून आणखी एक लखोटा फोडून लोपु वाझ द सांपायु यास तात्पुरतें बसविलें. माश्कारेञ्यश परत आला तेव्हां सांपायु हटेना, आणि दोघांच्या भांडणानें फिरंगी मुलुखांत दुफळी माजली. कागदावर राजाची इच्छा किती निश्चित असली, तरी ती अमलांत येईपर्यंत समुद्र काय करतो, याचा हा पहिला मोठा धडा होय.

इतका अधिकार दूरदेशीं एका माणसाच्या हातीं देतांना राजानें त्याच्या भोंवतीं कुंपणेंही तितकींच घातलीं. तीन वर्षांची मुदत हें पहिलें. गोव्याचें उच्च न्यायालय हें दुसरें. खजिन्याचा अधिकारी राजाशीं परभारें पत्रव्यवहार करी, हें तिसरें. मुदत संपल्यावर कारभाराची चौकशी होई, हें चौथें. राज्यमंडळ हें पांचवें. शिवाय गोव्यांतील फिदाल्गु मंडळींचा धाक होताच. १६५३ त त्यांनीं काउंट ऑफ ओबिदुश या विजरईस पदच्युत करून ब्राश द काश्त्रु यास बसविलें होतें. दरसाल मोसमाबरोबर राजाचीं पत्रें येत व परतीच्या जहाजांनीं उत्तरें जात. या पत्रव्यवहाराचीं ‘मोसमी पुस्तकें’ गोव्याच्या दप्तरांत आहेत आणि त्यांतील आरंभींचे ६२ खंड अठराव्या शतकांत लिस्बनला नेण्यांत आले. लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेलें जहाज सप्टेंबरांत गोव्यास लागे आणि परतीचें जहाज डिसेंबर-जानेवारींत सुटे. म्हणजे विजरईनें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दीड-दोन वर्षांआधीं त्याच्या हातीं पडणें शक्य नव्हतें. तीन वर्षांच्या कारकीर्दींत एक, फार तर दोन प्रश्न राजास विचारून उत्तर मिळवितां येई. उरलेलें सारें त्यानें राजाचें मन ओळखून करावयाचें, आणि त्याचा जाब मागाहून द्यावयाचा.

आतां महाराष्ट्राशीं संबद्ध असे तीन प्रसंग घेऊं.

पहिला प्रसंग मुंबईचा. १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालच्या राजानें मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. १६६२ त ताबा घेण्यासाठीं सर अब्राहम शिपमन आला आणि त्याच आरमाराबरोबर आंतोनियु द मेलु इ काश्त्रु हा गोव्याचा नवा अधिकारीही आला. राजाज्ञा स्पष्ट असतां त्यानें शिपमनच्या अधिकारपत्रांत दोष काढून बेट देण्याचें नाकारलें. शिपमन अंजदीव बेटावर खितपत पडला व १६६४ त तेथेंच वारला. त्याच्या शिपायांपैकींही बहुतेक रोगराईनें मेले. अखेर १६६५ च्या फेब्रुवारींत हंफ्री कुक यास ताबा मिळाला, तोही केवळ मुंबई बेटापुरता. या अवधींत मेलु इ काश्त्रु राजास बजावीत होता कीं इंग्रज मुंबईंत बसला कीं हिंदुस्थान हातचें गेलें. या माणसास आज्ञाभंजक म्हणावें कीं स्वामिनिष्ठ? राजाची लेखी आज्ञा मोडून राजाचें हित राखण्याचा अधिकार मुखत्यारास आहे काय, हा प्रश्न त्यानें तीन वर्षें टांगून ठेवला. त्या काळांतील त्याचीं शिवाजीविषयींचीं वचनें वाचतांना तो या दुसऱ्या संकटांत अडकलेला होता, हें विसरून चालणार नाहीं.

दुसरा प्रसंग १६८३ चा. फ्रांसिश्कु द ताव्हुर, काउंट ऑफ आल्व्होर, या विजरईनें फोंड्यावर स्वारी केली व ती फसली. नोव्हेंबरांत संभाजीच्या लोकांनीं जुवें बेट घेतलें आणि तें परत मिळविण्याचा विजरईचा यत्नही व्यर्थ गेला. तेव्हां त्यानें जुन्या गोव्यांतील बों जेझुश चर्चमध्यें जाऊन सेंट झेवियरच्या शवाजवळ आपला अधिकारदंड व राजाचें नेमणूकपत्र ठेविलें आणि राज्य सांभाळण्याची विनवणी केली. आमच्या लेखनांत ही गोष्ट मराठ्यांच्या दराऱ्याचें प्रमाण म्हणून सांगितली जाते, आणि तो दरारा खरा होता. परंतु तिचा दुसरा अर्थ सहसा कोणी पाहत नाहीं. जो अधिकार मुळांत आपला नाहीं, तो ज्याच्याकडून आला त्यास परत देतां येत नाहीं, कारण तो सहा महिन्यांच्या वाटेवर आहे. अशा वेळीं मुखत्यारानें तिसराच धनी शोधला. दंड ठेवण्याची ही कृति श्रद्धेची होती, तशीच पदाच्या स्वरूपांतून निघालेलीही होती. पुढें शाहजादा मुअज्जम कोंकणांत उतरल्यामुळें मराठी फौजा निघून गेल्या व गोवें वांचलें.

तिसरा प्रसंग वसईचा. वसईस ‘उत्तरेचा जनरल’ असे. म्हणजे राजाचा मुखत्यार गोव्यास व मुखत्याराचा मुखत्यार वसईस. १७३७ त साष्टी गेली व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पानें वसई घेतली. त्याच वर्षीं व्यंकटराव घोरपड्यांच्या फौजा गोव्याच्या साष्टींत शिरल्या होत्या, तेव्हां काउंट ऑफ सांदोमिल या विजरईस गोवें सोडून वसईस धांवणें अशक्य होतें. पोर्तुगालाहून मोठी कुमक घेऊन मार्क्विस ऑफ लोरिसाल आला तो १७४१ त. तोंवर वसई जाऊन दोन वर्षें झालीं होतीं, आणि बाजीराव व चिमाजी आप्पा हे दोघेही १७४० त निवर्तले होते. ज्यांच्यावर फौज पाठविली ते हयात नाहींत, आणि ज्यासाठीं पाठविली तें ठाणें हातांत नाहीं! सांदोमिलच्या मंडळाच्या मसलतींत जी चालढकल दिसते, तिचें मोजमाप या अंतरानें केलें पाहिजे.

या तीन उदाहरणांवरून ‘आसेंतुश’ कसे वाचावे, याचें उत्तर मिळतें. हा कागद गोव्यांत लिहिला गेला तरी त्याचा खरा वाचक लिस्बनांत होता. पुढें चौकशी होणार, हें ठाऊक असलेला विजरई सल्लागारांचीं मतें लिहवून घेऊन जबाबदारी वांटून टाकीत असे. म्हणून ठरावांत दिसणारी भीति नेहमीं खरी भीति नसते, आणि ‘सर्वांचें एकमत झालें’ हें वाक्य कित्येकदां केवळ ढाल असतें. तसेंच ठराव झाला म्हणून तो अमलांत आला असें ठरत नाहीं. त्यासाठीं मोसमी पुस्तकें, शेजारी राजांशीं झालेल्या पत्रव्यवहाराचीं पुस्तकें आणि आमच्याकडील मराठी कागद हीं ताडून पाहिलीं पाहिजेत. पिसुर्लेकरांच्या टिपा या कामीं पुष्कळ साह्य करतात. तथापि त्या पोर्तुगीजांत असल्यामुळें आमचे बरेच अभ्यासक मूळ ठरावाचा उतारा उचलतात व टीप तशीच सोडतात, ही खेदाची गोष्ट होय.

यावर कोणी म्हणेल, कीं अशानें तुम्ही विजरईच्या सर्व अपराधांवर पांघरूण घालतां. तसा आमचा हेतु नाहीं. ज्या काउंट ऑफ आल्व्होरनें १६८३ त आपला दंड संताच्या हवालीं केला, त्यानेंच १६८४ च्या जून महिन्यांत गोव्याच्या प्रजेनें तीन वर्षांच्या आंत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढला. तेथें त्यास अंतर आड आलें नाहीं कीं अधिकाराचा संकोच पडला नाहीं. शत्रूपुढें व राजापुढें हात बांधलेला हा मुखत्यार स्वतःच्या प्रजेपुढें मात्र पूर्ण राजा होता. पदाचें स्वरूप समजून घेणें म्हणजे दोषमुक्ति देणें नव्हे. दोष कोठें खरा व कोठें आरोपित, हें निवडण्याचें तें साधन आहे. तहभंगाचा आरोप करतांना तह कोणीं केला, तेव्हां गोव्यास विजरई होता कीं शासकमंडळ, आणि मोडणारा तोच होता कीं त्याच्यामागून आलेला, इतकें तरी पाहावें. शिवाजीशीं १६६७ चा तह झाला तो काउंट ऑफ सांव्ह व्हिसेंति या विजरईच्या अमलांत. तो १६६८ त वारला, आणि १६७० चा तह झाला तेव्हां गोव्याचा कारभार शासकमंडळाकडे होता.

शेवटीं एक तुलना. धनी दूर असला म्हणजे मुखत्यार राज्य बळकावतो, असा सामान्य समज आहे. परंतु पुणें साताऱ्याहून कांहीं मजलांवर असून पेशवेपद वंशपरंपरा झालें व छत्रपति नांवाचे धनी राहिले. निजामुल्मुल्क हा दिल्लीचा सुभेदार १७२४ नंतर दक्षिणेचा स्वतंत्र धनी झाला. उलट लिस्बन सहा महिन्यांच्या वाटेवर असून एकाही विजरईचें घराणें गोव्यांत राज्य करूं शकलें नाहीं. पेशवा व विजरई हीं पदें सर्वांशीं सारखीं नव्हेत, हें आम्हांस मान्य आहे. तरीही यावरून निष्कर्ष निघतो तो हाच, कीं मुखत्यारास आवर घालतें तें अंतर नव्हे, तर मुदत, चौकशी आणि लेखी जाब. त्याची किंमतही फिरंग्यांनीं भरली: विजरई बंडखोर झाला नाहीं, पण वेळेवर निर्णय घेणाराही राहिला नाहीं. मराठी राज्यानें निर्णयाची त्वरा मिळविली व धनी गमावला.

हा प्रश्न नुसत्या गोव्याचा नसून आमच्या राज्यघटनेच्या इतिहासाचाही आहे. यासाठीं १५०५ पासूनचे विजरई, गव्हर्नर व शासकमंडळें यांची मित्यांसह जंत्री प्रत्येक अभ्यासकानें ‘आसेंतुश’शेजारीं ठेवावी, आणि ठराव उद्धृत करतांना त्या दिवशीं अधिकारावर कोण होतें व त्याची मुदत किती उरली होती, हें नमूद करावें, अशी आमची सूचना आहे. तेवढें केलें तरी पुष्कळ शिक्के आपोआप पुसले जातील, आणि जे उरतील ते अधिक खोल उमटतील.