बलुतं, गहाणखत आणि हजेरीची वही

दलित साहित्याने भूक लिहिली, पाणवठा लिहिला, गावकुसाबाहेरचे घर लिहिले. पण तेच घर गहाण ठेवायला निघालेला आपला माणूस या साहित्यात मला क्वचितच भेटला. हा दोष एकट्या लेखकांचा नाही. समीक्षेचाही आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. तेव्हापासून आपण ते वेदना, नकार आणि आत्मशोध या शब्दांनी वाचत आलो. वर्गात मीही तसेच शिकवले. पुस्तकाच्या नावाचा जो सरळ व्यवहारी अर्थ आहे, त्यावर मात्र मी कधी तासभर थांबलो नाही. बलुतं म्हणजे पावती नसलेला मोबदला. काम किती झाले हे गाव ठरवणार, धान्य किती घालायचे हेही गावच ठरवणार, आणि लिहून कोठेच ठेवायचे नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे आणि ती सरकारमार्फत वसूल होऊन महारांच्या हाती पडावी, अशी त्यात मागणी होती. आपण हे विधेयक स्वाभिमानाचे पाऊल म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण ते हिशेबाचेही पाऊल होते. श्रमाची नोंद झाली पाहिजे, ही त्यातली मागणी आपण पुरती वाचलीच नाही.

हे मला उशिरा सुचले. मुकुटबनला, झरी जामणी तालुक्यात, एका गवंड्याच्या ओट्यावर बसून त्याचे कागद लावून देत होतो तेव्हा. घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलेले. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, भोवताली खाणी आहेत. बांधकामाच्या मजुरीला तोटा नाही. घरासाठी त्याने चार वर्षांपूर्वी एका गृहवित्त कंपनीकडून चढ्या व्याजाने कर्ज घेतले होते. ते फेडून तेच घर बँकेकडे कमी व्याजाने गहाण ठेवावे, असा त्याचा विचार. विचार शहाणपणाचाच होता. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर वैयक्तिक कर्जदाराकडून दंड घ्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांसाठी नियमही २०१२ पासून आहे.

घराची मिळकत पत्रिका त्याच्याकडे होती. (गावठाणाबाहेर सरकारी जागेवर वसलेल्यांना तेवढेही नशिबात नाही.) म्हणजे घर सिद्ध झाले. माणूस सिद्ध होईना. बँकेने नोकरदाराचा फॉर्म सोळा मागितला, तो नसेल तर आयकराची विवरणपत्रे मागितली. याच्याजवळ होती हजेरीची वही आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. वही ठेकेदाराच्या सहीविना होती, कारण सही केली तर ठेकेदार स्वतःच कशाकशात अडकेल. दाखला बहात्तर हजारांचा निघाला. तो काढला होता मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे, त्यामुळे दाखल्यावरचा आकडा कमी आहे याची आजवर कोणाला अडचण झाली नव्हती. साहेब म्हणाले, बहात्तर हजारांत एवढा हप्ता बसत नाही.

तो मला म्हणाला, "सर, मी किती कमावतो थे साऱ्या गावाले ठाऊक हाय, कागदाले ठाऊक नाही."

आता गंमत पाहा. याच घरात बायकोच्या नावावर मायक्रोफायनान्सचे गटकर्ज आहे. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार असे कर्ज वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय मिळते. सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, एवढे पाहायचे असते. कंपनीच्या माणसाने उत्पन्न दारात उभे राहून विचारले आणि लिहून घेतले. म्हणजे महाग व्याजाला आमचे उत्पन्न पटते, स्वस्त व्याजाला पटत नाही. घर तेच, मजुरीही तीच.

बँकेच्या बाजूने बोलायचे तर ठेवीदारांचा पैसा आहे, चौकशी केलीच पाहिजे. माझी त्याला हरकत नाही. पण या माणसाने अठ्ठेचाळीस हप्ते एकही न चुकवता भरले आहेत, आणि ती नोंद संगणकावर साहेबांच्या समोर होती. अठ्ठेचाळीस महिने जो भरतो तो कशातून भरतो? फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नाही. उलट उद्या हप्ते थकले, नव्वद दिवस उलटून खाते बुडीत ठरले, तर २००२ च्या कायद्याने साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टाची पायरी न चढता घराचा ताबा घेता येतो. त्या वेळी उत्पन्नाचा पुरावा कोणी मागत नाही.

म्हणून मला आपल्या विद्रोहाच्या भाषेबद्दलही शंका येते. १८७५ साली सुप्यापासून पुणे-नगर भागातल्या कुणब्यांनी सावकारांचे रोखे जाळले. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) कागद हे लिहिणाऱ्या जातीच्या हातातले शस्त्र आहे. त्या वारशातून आपल्या कवितेत कागद आला तो फाडायला, जाळायला. या गवंड्याचे दुखणे उलटे आहे. त्याच्याविरुद्धचे गहाणखत अगदी चोख लिहिलेले आहे. त्याच्या बाजूचा कागदच कोणी लिहिलेला नाही. त्याला जाळण्याची भाषा देऊन आपण काय देतो? आत्मकथनांच्या पुढच्या पिढीने ही हजेरीची वही हाती घ्यावी, असे मला वाटते. तिच्यात कोणत्या दिवशी कोणाचा स्लॅब पडला, कोणी पैसे बुडवले, कोणता आठवडा पावसात गेला, सगळे आहे. आपल्या समीक्षेला ते 'रुक्ष' वाटेल, वाटू द्या.

गवंड्याने यंदापासून आयकराचे विवरणपत्र भरायचे ठरवले आहे. कर काही लागणार नाही. दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे झाली की पुन्हा अर्ज करू म्हणतो. नवरा-बायकोची मजुरी जशी आहे तशी मांडली तर ती अडीच लाखांच्या आसपास जाते, आणि मुलाची शिष्यवृत्तीची अजून तीन वर्षे उरली आहेत. खरा आकडा मांडावा असे माझे मत. त्याने अजून होकार दिलेला नाही. हप्ता जुन्याच दराने चालू आहे.