साथ, सूचना आणि संशय : १८९६-९७ च्या प्लेगचे पुनर्वाचन

प्रास्ताविक

साथीच्या रोगांविषयीच्या लेखनात एक विधान वारंवार आढळते. लोक अज्ञानामुळे व अंधश्रद्धेमुळे रोग लपवतात, उपचार टाळतात. म्हणून जनजागृती केली पाहिजे, असे ते विधान आहे. वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते. परंतु त्यात रोग लपवण्याचे सारे उत्तरदायित्व रुग्णावर टाकले जाते आणि रोग उघड केल्यानंतर त्या रुग्णाचे व त्याच्या घराचे काय होते, हा प्रश्न बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात मुंबई-पुण्यातील प्लेगच्या आधारे या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अफवा आणि अनुभव

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसांना मारून त्यांच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, अशी अफवा त्या काळी पसरली होती. तत्कालीन अधिकाऱ्यांनी असल्या अफवा एतद्देशीयांच्या भोळसटपणाचा पुरावा म्हणून नोंदवल्या.

अफवेचा मजकूर खोटा होता, यात शंका नाही. तथापि तिच्यामागील अनुभव खोटा नव्हता. त्या वेळी प्लेगवर गुणकारी औषध उपलब्ध नव्हते. गाठीच्या प्लेगने आजारी पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे आणि मधल्या काळात त्याचे काय झाले, हे नातेवाइकांना कळत नसे. माहितीची ही पोकळी अफवेने भरून काढली.

शासनाचे ज्ञानही अपुरेच होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता. पण उंदरावरील पिसवांमार्फत रोग पसरतो, हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये मांडले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे घरे धुणे, जमिनी खणणे, कपडे-अंथरुणे जाळणे हे उपाय ज्या आत्मविश्वासाने योजले गेले, त्या आत्मविश्वासाला पुरेसा शास्त्राधार नव्हता. अज्ञान दोन्ही बाजूंना होते. पण अज्ञान हे नाव मात्र एकाच बाजूच्या वाट्याला आले.

डेव्हिड अर्नोल्ड यांनी या संघर्षाचा अर्थ वसाहतवादी सत्तेने एतद्देशीयांच्या शरीरावर सांगितलेला हक्क असा लावला. राजनारायण चंदावरकर यांनी मात्र पाश्चात्त्य वैद्यक विरुद्ध देशी संस्कृती अशा सरळ विभागणीवर आक्षेप घेतला. प्रस्तुत लेखकाला दुसरी भूमिका अधिक ग्राह्य वाटते. कारण लोकांनी उपचार सरसकट नाकारले नव्हते. कोणाच्या हातून आणि कोणत्या अटींवर उपचार घ्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

तक्रार न येण्याचा अर्थ

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यातील प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. संशयित रुग्ण रुग्णालयात आणि घरातील माणसे विलगीकरण छावणीत, असा क्रम होता. देवघरे व स्वयंपाकघरे बाटवल्याच्या आणि स्त्रियांच्या अप्रतिष्ठेच्या हकिकती शहरभर पसरल्या. रँड यांच्या अहवालात मात्र स्त्रियांच्या विनयभंगाची एकही विश्वसनीय तक्रार समितीकडे आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलेले आहे.

हे समाधान हाच या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा होय. ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार, तिच्याचकडे ती करावयाची. आणि जी स्त्री तक्रार करील तिची अब्रू चारचौघांत चर्चेला येणार. अशा स्थितीत तक्रार न येणे हे दोष नसल्याचे लक्षण नसून, बोलण्याची वाट बंद असल्याचे लक्षण ठरते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा अनुभव याला दुजोरा देतो. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी पत्रांतून कळलेल्या अत्याचारांचा जाहीर उच्चार केला. परतल्यावर आपल्या विधानांना पुरावा उभा करता न आल्याने त्यांना माफी मागावी लागली. अहवालातले समाधान आणि गोखल्यांची माफी ही एकाच मौनाची दोन फळे आहेत. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्याला राजकीय कारणे होतीच. परंतु संवादाची वाट बंद होण्याची परिणती म्हणूनही त्या घटनेकडे पाहिले पाहिजे.

पर्यायी वाटा

याच काळात पुण्यात दुसऱ्या तऱ्हेचे प्रयत्नही झाले. लोकमान्य टिळकांनी उपायांची आवश्यकता मान्य केली, शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली आणि वर्गणीतून हिंदू प्लेग रुग्णालय काढले. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ दवाखाना चालवला. रुग्णसेवा करतानाच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या दोन प्रयत्नांत भेद आहे. जातिधर्मनिहाय रुग्णालयाने लोकांचा विश्वास मिळवला, पण समाजातील भिंती तशाच राहिल्या. सावित्रीबाईंची सेवा त्या भिंती ओलांडून अस्पृश्य वस्तीपर्यंत गेली. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट समान होती : उपचार करणारा रुग्णाला ओळखीचा होता आणि रुग्णाइतकाच धोका पत्करत होता.

अलीकडील साक्ष

हा प्रश्न केवळ परकीय सत्तेचा असता, तर स्वातंत्र्यानंतर तो संपला असता. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा लोकांनी रोग लपवला नाही. उलट तपासणीसाठी नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. जनजागृती झाली होती. परंतु तपासणीची सोय मोजक्याच ठिकाणी होती. मार्च २०२० मध्ये कोविडच्या वेळी महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, अनेक ठिकाणी दारांवर फलक लागले. १८९७ च्या मुंबईतही घरांवर खुणा रंगवल्या जात. रुग्णांच्या घरावर सरसकट फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले. शिक्का इतरांना सावध करतो. पण उद्या ज्याला ताप येणार आहे, त्याला तो घरातच गप्प राहण्यास शिकवतो.

समारोप

संसर्गाच्या प्रसंगी विलगीकरण अटळ असते आणि प्रत्येकाच्या संमतीची वाट पाहता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु विलगीकरण करावे की नाही, हा येथील वाद नाही. आपला माणूस कोठे आहे हे रोज कळणे, त्याला भेटण्याची किंवा दुरून पाहण्याची सोय असणे, नष्ट झालेल्या वस्तूंची व बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळणे, आणि ज्या यंत्रणेविरुद्ध तक्रार आहे तिच्याबाहेर ती नोंदवता येणे, या गोष्टी आरोग्य-संवादाच्या परिघाबाहेरच्या मानल्या जातात. वास्तविक त्याच त्या संवादाचा गाभा होत. भित्तिपत्रकावर काय छापले आहे यापेक्षा गेल्या आठवड्यात शेजाऱ्याला नेले तेव्हा काय घडले, यावरून लोक आपला निर्णय ठरवतात. तो निर्णय अज्ञानाचा म्हणून मोडीत काढण्यापूर्वी शेजाऱ्याचे काय झाले, याची चौकशी करणे अभ्यासकाचे आणि शासनाचे पहिले कर्तव्य ठरते.